गोळी सोडलीस हे बरं केलं नाहीस

चि. श्रीकांत यास,



काल फोनवर तू किती सहज सांगितलंस, "ताई, गोळी चालू केली नि महिनाभरात अंगठ्याने पुन्हा धरलं. गोळीच बाधली, सोडून दिली." मागून वंदना म्हणाली, तुरीचं वरणही बंद केलंय. फोन ठेवला तरी जीव थाऱ्यावर नव्हता बघ.

अरे, गाऊटवरची ही ॲलोप्युरिनॉलची गोळी सुरू केल्यावर पहिले काही महिने ठणका उठू शकतो. सांध्यात वर्षानुवर्षं साठलेले युरिक ॲसिडचे स्फटिक विरघळायला लागतात, जागचे हलतात, म्हणून. यासाठीच डॉक्टरांनी सोबत कोल्चिसिनची छोटी गोळी दिली होती ना? ती तरी घेत होतास का? अंगावर पुरळ उठलं असतं तर लगेच थांबवून दवाखाना गाठायचा, ते वेगळं. पण ठणक्याला भिऊन सोडायची नाही. सूज औषधावाचूनही आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते, स्फटिक मात्र तिथेच राहतात. अण्णांचा कोपर आठव. त्यावरची गाठ फुटली की खडू भिजवल्यासारखं पांढरं यायचं, आई गरम पाण्याने पुसायची आणि अण्णा म्हणायचे, आता दुखत नाही, मग औषध कशाला?

आणि घरातल्या सगळ्यांनी तुझ्या ताटाकडे बघणं आधी थांबवा. याचा मला फार संताप येतो. दुखणाऱ्या माणसाला वर अपराधी ठरवायचं! गाऊटच्या बहुतेक रुग्णांत मूत्रपिंडंच युरिक ॲसिड पुरेसं बाहेर टाकत नाहीत, आणि ही प्रवृत्ती बरीचशी वारशाने येते. तुझ्याकडे ती अण्णांकडून आली. वरण, पालक खुशाल खा, ताक पी. कलेजी, कोळंबी, बाटलीतली गोड पेयं आवर. बिअर तर नकोच. पण कडक पथ्यानेही युरिक ॲसिडचा आकडा फार तर एखाद्या मिलिग्रॅमने उतरतो. तुझा ९.२ आहे, तो ६ च्या खाली हवा आणि तिथेच राहायला हवा. त्याला गोळीच लागते, थोडीथोडी वाढवत नेलेली. हो, आणि निर्जळी एकादशी अजिबात नको. पोटाला उपास आणि पाणी कमी, दोन्हींनी झटका येतो.

गर्ट्रूड एलियन यांच्याबद्दल मी दरवर्षी वर्गात सांगायचे. त्यांच्या आणि त्यांचे सहकारी हिचिंग्ज यांच्या संशोधनातून आलेली ही गोळी १९६६ पासून वापरात आहे, दोघांना १९८८ साली नोबेल मिळालं. इतकं जुनं, स्वस्त औषध हाताशी असताना माणसं लंगडत राहतात, हे मला पाहवत नाही.

खरी काळजी पुढेच आहे. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेल्या त्या पेनकिलर किती घेतोस? तुला बीपी आहे, साखर आहे. किडनीवर परिणाम झाला तर काय करायचं आपण? बीपीसाठी चालू आहे ती लघवी वाढवणारी गोळीही युरिक ॲसिड वाढवते. तीही मनाने सोडशील म्हणून भीती वाटते. सोडू नकोस, डॉक्टरांना विचार, दुसरी बसते का ते.

सोमवारी डॉक्टरांकडे जा. घरातल्या सगळ्या पट्ट्या, पेनकिलरच्यासुद्धा, पिशवीत घालून ने आणि गोळी का सोडलीस ते खरं सांग. युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन, दोन्ही रिपोर्ट मला त्याच संध्याकाळी पाठव.

तुझी,
ताई