आवाज आहे, चित्र नाही

चिंचपोकळीला जलद गाडी थांबत नाही. भायखळ्याहून करी रोडकडे निघालेली धीमी लोकल क्षणभर विसावते, तेवढाच या स्टेशनाचा मान. वर्गात हे नाव उच्चारले की मागच्या बाकांवर हमखास हशा पिकतो. मी मराठीचा मास्तर. मला मात्र त्यातली पोकळी फार आवडते. गजबजलेल्या चाळवस्तीला असे वैराग्याचे नाव!

माझी मावशी इथल्याच एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते. वय ८१. गुडघ्यांनी जिना बंद केला, तेव्हापासून तिचे जग भिंतीवरच्या टीव्हीत मावते. गेल्या श्रावणात त्याला चमत्कारिक आजार जडला. आवाज खणखणीत आणि पडदा काळाकुट्ट. कंपनीचा माणूस आला, 'पॅनल गेलं, नवीन घ्या' म्हणाला आणि जिना उतरला. मावशी आठवडाभर मालिका नुसती ऐकत होती. "रडण्यावरून सून ओळखते रे," ती मला म्हणाली.

चाळीच्या जिन्याखाली टीव्ही दुरुस्तीचा एक गाळा आहे. मालक पन्नाशीचा. त्याचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत तेही. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले. साचे थांबले ते थांबलेच. पोरगा पुढे टीव्हीची दुरुस्ती शिकला.

त्याने वर येऊन टीव्ही लावला, खोलीत अंधार केला आणि पडद्यावर बॅटरीचा झोत तिरपा धरला. काळ्या काचेत निवेदिकेचा चेहरा पुसटसा हलताना दिसला!

"बघा सर, चित्र आहे. उजेड नाही."

त्याने पाठ उघडली. जुन्या टीव्हीच्या पोटात चित्रनळी असे, म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची खरीखुरी पोकळी. इथे पोकळीचे नाव नाही. पत्र्यावर स्क्रूने बसवलेले तीन बोर्ड आणि त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या, एवढाच संसार.

पहिला बोर्ड विजेचा. भिंतीतली २३० व्होल्टची वीज एकाच दिशेने वाहती करायची, सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून उतरवायची आणि ज्याला जेवढी पचेल तेवढी वाढायची, असे हे स्वयंपाकघर. इथले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवतात, म्हणून तो आधी ते रिकामे करतो. दुसरा, मुख्य बोर्ड. केबलमधून आलेल्या आकड्यांतून चित्र वेगळे, आवाज वेगळा करणारा हा कारकून. आवाज थेट स्पीकरकडे जातो. मावशीची सून म्हणूनच रडताना ऐकू येत होती.

तिसरा टीकॉन. वीतभर लांबीचा, पण खरा कसब त्याचा. मावशीच्या पडद्यावर १०८० आडव्या तारा आहेत आणि ५७६० उभ्या. लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक रंगाच्या १९२०. जिथे उभी आडवीला छेदते तिथे एक सूक्ष्म झडप, अशा ६२ लाख २० हजार ८०० झडपा. टीकॉन एका आडव्या तारेला इशारा देतो, तिच्यावरचे सारे दरवाजे उघडतात आणि उभ्या तारा आपापल्या झडपेला तिच्या वाट्याचा व्होल्टेज देतात. दरवाजे मिटतात, पुढच्या तारेची पाळी येते. झडप तो भार पुढच्या फेरीपर्यंत सांभाळते आणि त्या प्रमाणात मागचा उजेड पुढे सोडते. अशा पूर्ण फेऱ्या सेकंदाला ६०.

"आमच्या अण्णांना हे सांगितलं," दुकानदार म्हणाला, "तर म्हणाले, अरे, हा तर ताणाबाणा! फक्त धोटा दिसत नाही."

मी इतकी वर्षे अलंकार शिकवतो. याहून नेमकी उपमा मला सुचली नसती.

मावशीचे तिन्ही बोर्ड शाबूत होते, पॅनलही. बिघाड होता काचेमागच्या एलईडीच्या पट्टीत. त्या ओळीत बारीक दिवे एकामागे एक जोडलेले असतात. एक तुटला की सारी ओळ विझते आणि धोका ओळखून सर्किट बाकीचा उजेडही बंद करते. काच तडकू नये म्हणून आम्ही दोघांनी मिळून ती उचलली. तिच्या कडेला चिकटलेल्या सिनेमाच्या फितीसारख्या पातळ फितींना तो मला हातही लावू देईना. "ती फीत सुटली तर मात्र कंपनीवाला खरा ठरेल," तो म्हणाला. लॅमिंग्टन रोडवरून नवी पट्टी आली. संध्याकाळी मावशीने सून पाहिली आणि ती आवाजावरून वाटली त्यापेक्षा बरीच लठ्ठ आहे, असा अभिप्राय दिला.

पैसे द्यायला मी गाळ्यात उतरलो. भिंतीवर खिळ्यांना जुने बोर्ड टांगले होते. काच फुटलेल्या टीव्हींतून काढलेले, प्रत्येकावर मॉडेलची चिठ्ठी. टेबलावर नव्या बनावटीचा एक टीव्ही उघडा होता. त्यात टीकॉन वेगळा नव्हताच, मुख्य बोर्डातच सामावला होता.

"आता एक बिघडलं की सगळंच बदलायचं," तो म्हणाला.

चाळ पुनर्विकासात जाणार आहे. वरच्यांना नव्या इमारतीत खोल्या मिळतील. जिन्याखालच्या गाळ्याचे कागदावर अजून काही ठरलेले नाही. मावशीच्या मॉडेलचे दोन टीकॉन मात्र त्याने वेगळे काढून तिच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवले आहेत.