मावशी, आधी पेज बघ

वागळे इस्टेटमधलं आमचं ऑफिस भिवंडीला हललं. डोंबिवलीहून रोज तिकडे जाणं पन्नाशीत झेपेना, म्हणून मी अकाउंट्सची नवी नोकरी शोधायला निघाले. कंपनी कशी आहे हे काढायची आमची पद्धत साधी: गेटवरच्या वॉचमनला पगाराची तारीख विचारायची आणि समोरच्या टपरीवर कंपनीची चहाची उधारी किती थकलीय ते. एमआयडीसी 1962 साली स्थापन झाली, वागळे तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. तेव्हापासून हेच चालत आलं असावं. घोडबंदर रोडवरच्या एका काचेच्या इमारतीत गेले, तर वॉचमनने उलट माझंच ओळखपत्र मागितलं. टपरी तर आसपास कुठेच नव्हती.

एमबीए करणारी भाची म्हणाली, ‘‘मावशी, आधी लिंक्डइनवर कंपनीचं पेज बघ.’’ ही साइट 2003 पासून चालू आहे म्हणे. खातं तिनेच उघडून दिलं. फोटो मात्र मी टाकू दिला नाही. त्या काचेच्या इमारतीतल्या कंपनीचं पेज पाहिलं आणि हरखले. महिला दिनाला सगळ्याजणी जांभळ्या साड्यांत, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, बीन बॅगवर बसून हसणारी पोरं. खाली अकरा हजार फॉलोअर्स. एवढा स्टाफ! शेजारच्या काकूंनाही सांगून मोकळी झाले. भाचीने कपाळाला हात लावला. फॉलोअर म्हणजे नुसतं ‘फॉलो’चं बटण दाबणारं कुणीही. त्या आकड्यात आता मीही होते.

मग तिने पेजवरची दुसरी जागा दाखवली. ‘51 ते 200 कर्मचारी’ हा आकडा कंपनी स्वतः भरते. आपण इथे काम करतो असं ज्यांनी स्वतःच्या प्रोफाइलवर लिहिलंय, त्यांची मोजणी वेगळी दिसते. तिथे जेमतेम वीसजण. सगळेच खातं उघडत नाहीत, हे मलाही कळतं. पण मला हवी होती त्या खुर्चीवर आधी कोण कोण बसलं ते शोधलं, तर बहुतेकजण वर्षाच्या आत उठून गेलेले. हे केकच्या फोटोत दिसत नव्हतं.

या सजावटीला ‘एम्प्लॉयर ब्रँडिंग’ म्हणतात. माझ्या समजुतीप्रमाणे, मुलगी बघायला आल्यावर बाहेरची खोली आवरावी तसं. भाचीने त्यावर अभ्यासक्रमातलं एक नावही ऐकवलं. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने 1973 मध्ये मांडलं होतं की उमेदवाराचा कामाचा वकूब मालकाला आधी दिसत नाही, म्हणून तो पदवीसारख्या खुणांवरून अंदाज बांधतो. पुढे 2001 साली त्यांना नोबेल मिळालं. मी तेच उलट्या बाजूने करत होते. पगाराचा एक आकडा कुठे दिसला नव्हता, तरी केक पाहून पगारही बरा असणार हे मी मनात धरूनच चालले होते.

त्या कंपनीतल्या एचआर बाईंचं प्रोफाइल मी रोज रात्री उघडून वाचायची. एकदा त्यांचाच मेसेज आला, ‘हॅलो मॅम, काही मदत हवी आहे का?’ कोण येऊन बघून गेलं हे समोरच्याला नावानिशी कळतं, हे मला त्या दिवशी समजलं.

पुढे अँबिशनबॉक्स आणि ग्लासडोअर. तिथे कर्मचारी नाव न देता मत लिहितात. पाच तारेवाल्या मतांत ‘उत्तम वातावरण, शिकायला मिळतं’ याखेरीज काही नाही. एक तारेवाल्यांत नुसता संताप. मी दोन्ही सोडली आणि ज्यांत तारीख-वेळ आहे तेवढी वाचली. पगार दहा तारखेच्या पुढे जातो, हे तिघांनी तीन तऱ्हांनी लिहिलं होतं. वॉचमन सापडला म्हणायचा!

शेवटी एकदाचं माझ्या ओळखीचं काहीतरी निघालं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कुठल्याही नोंदणीकृत कंपनीची मूळ माहिती दिसते. प्रत्येक कंपनीला एकवीस अक्षर-आकड्यांचा सीआयएन असतो आणि त्यातले नवव्या ते बाराव्या जागेवरचे आकडे म्हणजे नोंदणीचं वर्ष. पेजवर ‘1998 पासून’, नंबरात 2019. यात लबाडीच असेल असं नाही, जुन्या भागीदारीची पुढे प्रायव्हेट लिमिटेड होते. अशी कागदपत्रं मी स्वतः केली आहेत. पण ताळेबंद मांडायची वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत घ्यावी लागते, आणि इथे शेवटचा ताळेबंद कित्येक वर्षांपूर्वीचा. एवढी नजर असलेली बाई आधी फॉलोअर्स मोजत बसली होती.

डोंबिवली एमआयडीसीच्या फेज दोनमधल्या एका वर्कशॉपचं नाव मी पहिल्याच दिवशी खोडलं होतं, कारण त्यांचं पेजच नव्हतं. आता त्यांचा नंबर तपासला: ताळेबंद वेळच्या वेळी, दरवर्षी. बायोडेटा पाठवून मग लँडलाइनवर फोन केला, तो मालकांनीच उचलला. माझा बायोडेटा त्यांच्याकडे पोचला होता.

‘‘मुलाने तुम्हाला लिंक्डइनवर शोधलं,’’ ते म्हणाले. ‘‘अनुभव चांगला आहे, पण फोटो नाही, काही नाही. माणूस खरा आहे की नाही, आम्ही कसं ओळखायचं?’’

मग जरा थांबून म्हणाले, ‘‘सोमवारी या. येताना दोन पासपोर्ट साइज आणा.’’