मिरची-मक्याचे मूळ धनी

दौंड तालुक्यातील भांडगावच्या किराणा दुकानात लाल मिरची, शेंगदाणे आणि मका हे जिन्नस इतके नित्याचे आहेत, की ते पूर्वापार याच मातीतले असावेत असे कोणासही वाटावे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. शेजारच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी, इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८पासून उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे नांदलेल्या शेतकऱ्यांचे जव, गहू, मसूर, कुळीथ असे धान्य सापडले. धान्यकोठाराचे अवशेषही मिळाले. त्या कोठारात मिरची, मका वा भुईमूग असणे शक्यच नव्हते. ही पिके तेव्हा समुद्रापलीकडे, अमेरिका खंडातील शेतकऱ्यांच्या हाती होती.

मेक्सिकोतील एका रानगवतापासून सुमारे ९००० वर्षांपूर्वी तेथील लोकांनी पिढ्यान् पिढ्या बी निवडत मका घडविला. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. जैन घरांत कंदमूळ म्हणून वर्ज्य असलेला बटाटा अँडीज पर्वतातला. त्याचे नाव मात्र कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून, पोर्तुगीजांच्या तोंडून मराठीत आले. १४९२ मध्ये कोलंबसाला प्रथम भेटले ते हेच ताइनो. पुढील काही दशकांतच रोगराई आणि वेठबिगारीने त्यांची वस्ती जवळजवळ नाहीशी झाली.

व्यापारी कुटुंबांना विशेष वाटावे असे पुष्कळ त्या संस्कृतींत होते. आजच्या मेक्सिको शहराच्या जागी अ‍ॅझ्टेक लोकांचा त्लातेलोल्कोचा बाजार भरे. तेथे रोज साठ हजारांहून अधिक माणसे जमतात, असे स्पॅनिश सेनानी कोर्तेसने १५२० मध्ये आपल्या राजाला कळविले. कोकोच्या बिया सुट्या नाण्यांसारख्या चालत. तंटे मिटविण्यास बाजारातच न्यायाधीश बसत आणि खोटी मापे आढळल्यास ती मोडून टाकली जात. पेरूकडील इंका राज्यात लिपी नव्हती, तरी हिशेब चोख होता. दोऱ्यांना मारलेल्या गाठींच्या जागेवरून एकक, दशक, शतक वाचले जाई. शून्याच्या जागी गाठ नसे. त्या दोऱ्यांना 'किपू' म्हणत.

१५२१ मध्ये अ‍ॅझ्टेक राजधानी पडली. तलवारीपेक्षा देवीच्या साथीने अधिक संहार केला. जेत्यांनी बी-बियाणे जहाजांत भरले, ते पिकविणाऱ्यांचे ज्ञान मात्र मागेच राहिले. मेक्सिकोतील गृहिणी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मगच दळत. युरोपाने मका घेतला, चुना सोडला. पुढे केवळ मक्यावर गुजराण करणाऱ्या स्पेन-इटलीतील गरिबांना 'पेलाग्रा' हा त्वचा आणि बुद्धी ग्रासणारा रोग जडला. चुन्याने मक्यातील जीवनसत्त्व शरीराला लाभते, हे शास्त्राला विसाव्या शतकात उमगले.

सचोटीच्या पेढीवर माल कोणाकडून आला याची नोंद असते. मिरची पोर्तुगीजांनी आणली, एवढेच आपल्याकडे सांगितले जाते. पण पोर्तुगीज हे केवळ वाहतूकदार. माल घडविणारे धनी निराळेच होते. त्यांचे वंशज आजही मेक्सिको, ग्वाटेमाला, पेरू येथे तीच पिके घेतात, आपल्या भाषा बोलतात. मुलांना कोलंबसाचा 'शोध' शिकविताना ही दुसरी बाजूही सांगितली, तर निदान जमेची ती नोंद राहून जाणार नाही.