कालयंत्रातून विजयनगर

ऐतिहासिक चित्रपटांतील चुका काढणे हा आम्हा निवृत्तांचा आवडता उद्योग. कालप्रवासाचे चित्रपट मात्र या झडतीतून सुटतात. यंत्रच मुळी काल्पनिक, मग बाकीच्याची चिकित्सा कशाला, असे आपण म्हणतो. मला हे पटत नाही. अशा कथेत आजचा माणूस भूतकाळात जातो; तो प्रेक्षकाचाच प्रतिनिधी असतो. त्याला जे दिसते तेच ‘तेव्हा असे होते’ म्हणून आपल्या मनात रुजते.

सिंगीतम श्रीनिवासराव यांचा ‘आदित्य ३६९’ (१९९१) हा तेलुगू चित्रपट माझ्यासारख्या हैदराबादकर मराठी माणसाला जवळचा. त्यातील यंत्र नायक-नायिकेला १५२६ सालच्या विजयनगरात, कृष्णदेवरायाच्या दरबारी नेते. सालाची निवड योग्य आहे. रायाची कारकीर्द १५०९ ते १५२९. दरबारात तेनाली रामकृष्णही भेटतो. लोकस्मृतीत तो तेथेच आहे. परंतु पंढरपूरचा महिमा गाणारे ‘पांडुरंगमाहात्म्य’ तेलुगूत रचणाऱ्या या कवीच्या काळाविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. खुद्द रायाला पाहिलेला पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पायस त्याचे वर्णन करतो ते असे : मध्यम उंची, गोरा वर्ण, किंचित स्थूल बांधा, चेहऱ्यावर देवीचे व्रण आणि डोक्यावर जरीची टोपी. तिरुमला येथील त्याच्या मूर्तीच्या मस्तकीही उंच टोपीच आहे. आपल्या पडद्यावरील राजे सहसा मुकुटात वावरतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर व्रण नसतात.

टोपी-मुकुटाचा हा भेद मी एक वेळ सोडून देईन. भाषेचा सोडवत नाही. चित्रपट तेलुगू, म्हणून दरबारही तेलुगू बोलतो. रायाने स्वतः ‘आमुक्तमाल्यदा’ तेलुगूत लिहिले हे खरे; पण त्याचे शिलालेख कन्नड, तेलुगू, तमिळ आणि संस्कृत अशा अनेक भाषांत आहेत. हिऱ्या-माणकांच्या व्यापारामुळे सर्व देशांची माणसे या नगरात आढळतात, असे पायस लिहितो. मुसलमानांच्या वस्तीचा आणि रायाच्या चाकरीतील मुसलमान शिपायांचाही तो उल्लेख करतो.

हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण चाकरी-व्यापारासाठी परमुलखात येऊन तेथलीच झालेली माणसे हे त्या नगराचे वैभव होते. आपले पूर्वजही असेच आले आणि राहिले. पडद्यावरचा भूतकाळ एकाच भाषेचा झाला की त्यातून प्रथम अशी माणसे पुसली जातात. मग तोच भूतकाळ पाहत वाढलेल्या पिढीला, चार पिढ्या शेजारी नांदलेल्या घराला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे विचारताना काही वावगे वाटत नाही.

कालयंत्र खोटे असले तरी चालेल. ते जेथे थांबते तो गाव खरा हवा. पुढचे यंत्र दरबाराऐवजी हंपीच्या भर बाजारात उतरले, तर किती बोली एकदम कानांवर येतील!