हिवाळा, हात आणि हयातीचा दाखला

दिवाळी आटोपते, कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि जालन्याच्या हवेतला ओलावा झपाट्याने ओसरू लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीचे हे पठार, उत्तरेकडून येणारे कोरडे वारे, दुपारचे लख्ख ऊन आणि पहाटेचा बोचरा गारठा यांच्या कात्रीत सापडून घरोघरी ओठ, टाचा आणि हात उलू लागतात. ओठांना कोणीही आपण होऊन साय लावतो. टाचांच्या भेगा चालताना दुखतात, म्हणून त्यांच्याकडेही लक्ष जाते. हाताची चौकशी मात्र सर्वांत शेवटी होते. कारण जो हात दुखतो त्यालाच घरातील इतरांच्या टाचांना तेल लावायचे असते.

हातांची निगा म्हणजे नटणेमुरडणे, अशी समजूत मध्यमवयीन आणि वृद्ध स्त्रियांत अजूनही पक्की आहे. सुनेने कपाटावर क्रीमची बाटली ठेवली तर सासूबाई तिच्याकडे कौतुकाने पाहतील, पण स्वतः हात लावणार नाहीत. ‘आता या वयात काय करायचे आहे?’ हे त्यांचे ठरलेले उत्तर असते. या प्रश्नाचे एक फार व्यावहारिक उत्तर गेल्या दहा-बारा वर्षांत निर्माण झाले आहे आणि ते प्रत्येक नोव्हेंबरमध्ये बँकेच्या काउंटरवर मिळते.

निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि बहुतेकांसाठी त्याचा महिना नोव्हेंबर हा आहे. पूर्वी त्यासाठी अधिकाऱ्यासमोर बसून सही करावी लागे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ ही सोय सुरू केली आणि आधारशी जोडलेल्या यंत्रावर बोट टेकवून दाखला देता येऊ लागला. सोय उत्तमच आहे. परंतु ज्या महिन्यात बोटे कोरडी पडू लागतात, नेमक्या त्याच महिन्यात यंत्राला बोट दाखवावे लागते, हा योगायोग कोणी लक्षात घेतलेला दिसत नाही.

जालन्यातील एका निवृत्त शिक्षिकेच्या बाबतीत हेच घडले. जिल्हा परिषदेच्या शाळांत आयुष्य गेल्यामुळे साऱ्या गल्लीत त्या ‘बाई’ म्हणूनच ओळखल्या जातात. वय पंच्याहत्तरीच्या घरात, अक्षर अजूनही मोत्यासारखे. सूनबाईंना बरोबर घेऊन त्या दाखला द्यायला गेल्या. उजवा अंगठा टेकवला, यंत्राने नाकारला. तर्जनी टेकवली, तीही नाकारली.

“आजी, जरा जोरात दाबा,” काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

बाईंनी जोरात दाबले. पुन्हा तोच लाल दिवा.

“थंब लागत नाही हो आजी. उद्या या, नाहीतर आधार अपडेट करून या.”

मागे रांग होती. बाई काही न बोलता बाजूला झाल्या. बाहेर आल्यावर त्या सुनेला एवढेच म्हणाल्या, “चाळीस वर्षे मुलांना सही करायला शिकवले ग, की कुणावर अंगठा उठवायची वेळ येऊ नये. आणि आता माझा अंगठासुद्धा चालेना.”

या बोलण्यातला सल समजण्यासाठी अंगठ्याचा थोडा इतिहास आठवावा लागतो. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटावर कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला, तेव्हापासून या देशात ठशाला सरकारी मोल आले. जगातील पहिले ठसे-कार्यालयही १८९७ मध्ये कलकत्त्यातच उघडले. पुढे शिकलेल्यांनी सही करावी आणि न शिकलेल्यांनी अंगठा उठवावा अशी वाटणी झाली, आणि ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द मराठीत टोमणा म्हणून रुळला. बँकेत अंगठा देणाऱ्या खातेदाराला ओळखीचा साक्षीदार लागे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी पहिले आधार क्रमांक दिले गेले आणि ही वाटणी उलटली. आता पदवीधर आणि निरक्षर दोघेही एकाच काचेवर बोट टेकवतात. शाईच्या ठशाला मात्र एक उदारपणा होता. शाई कोरड्या बोटालाही धरत असे. काच तशी धरत नाही.

काच का धरत नाही, हेही समजून घेण्यासारखे आहे. पुष्कळ यंत्रांत काचेखालून प्रकाश सोडलेला असतो. बोटावरच्या बारीक कंगोऱ्यांचा काचेला जेथे नेमका स्पर्श होतो तेथे प्रकाश वेगळा वागतो आणि त्या फरकातून चित्र उमटते. कातडी मऊ व किंचित ओलसर असेल तर स्पर्श सलग होतो. ती सुकून ताठरली, तिच्यावर पापुद्रे आले किंवा बारीक चिरा पडल्या, की कंगोरा आणि काच यांच्यामध्ये हवा राहते; रेषा तुटक दिसते. जोरात दाबले की उरलेल्या रेषा एकमेकींत मिसळतात. म्हणजे त्या मुलाचा सल्ला चुकीचाच होता. वयाबरोबर कंगोरे आधीच सपाट होत आलेले असतात, त्यात थंडीची भर पडते.

आणि थंडीचा मार तळहातालाच का बसतो? शरीराच्या बहुतेक त्वचेला तिच्यातल्या तैलग्रंथी वंगण पुरवीत असतात. तळहात व तळपाय यांना त्या नसतातच. तेथे घामाचाच काय तो ओलावा. थंडीत घाम आटला की तोही गेला. वर दिवसभर बोअरचे क्षारयुक्त पाणी, कढत पाण्याची हौस, भांड्यांची पावडर, भाकरीचे कोरडे पीठ. हात धुतल्यावर जे पाणी उडून जाते ते त्वचेतला ओलावाही घेऊन जाते, म्हणून वारंवार धुतलेला हात अधिक कोरडा होतो. हे विचित्र वाटले तरी खरे आहे.

नखांच्या मुळाशी जी पातळ कड नखाला चिकटून असते, जिला मुली क्यूटिकल म्हणतात, तीही शोभेची वस्तू नव्हे. पाकिटावर लाखेचे सील असावे तसे ते नख आणि कातडी यांच्या सांध्यावरचे सील आहे. थंडीत ते सुकते, फाटते, त्याच्या शेजारी साली निघतात. साल दिसली की ओढायची किंवा दातांनी तोडायची, ही सवय तर लहानथोरांत सारखीच. ओढलेली साल नेहमी हवी त्यापेक्षा खोलवर फाटते, आणि त्या वाटेने जंतू शिरले की बोट सुजून ठणकू लागते. घरातील जुनी माणसे त्याला नखुरडे म्हणतात. अशा बोटाने जालन्याची मोसंबी सोलून पाहावी, म्हणजे बोटाच्या टोकावर किती नसा आहेत ते कळते. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. दिवाळीत मुळाशी दुखावलेल्या नखावरची खूण पुढे सरकत सरकत पार अक्षय्य तृतीयेच्या पारण्यापर्यंत सोबत करते.

बाईंच्या घरी हे सर्व एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी समजावून सांगितले. त्यांनी औषध असे दिलेच नाही, वेळापत्रक दिले. ठशाची घडण कातडीच्या खालच्या थरात असते, त्यामुळे वरचा थर झिजला तरी तो साधारण चार आठवड्यांत नव्याने येतो. तेवढे दिवस हाताला सांभाळले तर पुष्कळदा ठसा परत उमटतो. म्हणून तयारी नोव्हेंबरात नव्हे, दसऱ्याला सुरू करावी.

करायचे ते अगदी साधे. हात कोमट पाण्याने धुवावेत, घासून न पुसता टिपावेत आणि किंचित ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलिन लावावे. व्हॅसलिन स्वतः ओलावा देत नाही, असलेला ओलावा अडवून ठेवते. कोरड्याठक्क हातावर ते लावणे म्हणजे रिकाम्या तिजोरीला कुलूप घालणे. ग्लिसरीन पाणी ओढून घेते, म्हणून ते पाण्यात किंवा गुलाबपाण्यात मिसळून वापरावे. त्यात लिंबू पिळण्याची घरगुती रीत मात्र सोडून द्यावी. भेगांना लिंबू झोंबते, आणि लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले तर डाग व फोडही येऊ शकतात. मराठवाड्याच्या घाण्यावरचे करडईचे तेल हातांना चांगले मानवते. त्यातील लिनोलिक आम्ल हा त्वचेच्या संरक्षक थराचाही एक घटक आहे. खोबरेल तर सर्वत्र आहेच. बाजारातील क्रीम घेणाऱ्यांनी डबीवरील घटक वाचावेत. लॅनोलिन हे मेंढीच्या लोकरीतून निघते आणि मेण बहुधा मधमाश्यांचे असते; ज्या घरात मध वर्ज्य आहे तेथे हे ठाऊक असलेले बरे. व्हॅसलिन खनिज आहे, त्यात तो प्रश्न येत नाही.

नखाची कड कापू नये, कोरूही नये. झोपताना तिच्यावर तेलाचा एक थेंब जिरवावा. निघालेली साल स्वच्छ नखकात्रीने मुळाजवळ कापावी, ओढू नये. भांडी घासताना रबरी हातमोजे घालावेत. भेगा खूप खोल असतील, खाज किंवा पाणी असेल, नख रंग बदलत असेल, किंवा मधुमेहाच्या माणसाचे बोट सुजले असेल, तर घरगुती उपाय न करता डॉक्टर गाठावा.

चौविहार पाळणाऱ्या घरांना यात एक सोय आपोआप लाभली आहे. तेथे दिवस मावळण्यापूर्वी जेवणे आटोपतात आणि लगोलग भांडीही. तेव्हापासून सकाळपर्यंत हात पाण्याबाहेर राहतात. डॉक्टर ज्याला रात्रीचा उपचार म्हणतात, त्याला या घरात बारा तास मिळतात. बाई प्रतिक्रमण झाल्यावर तेल लावू लागल्या आणि त्यावर जुन्या सुती साडीच्या शिवलेल्या पिशव्या हातात घालून झोपू लागल्या. नातवाने पहिल्या रात्री त्यांना बॉक्सर म्हटले.

बाईंना हे जमले, कारण त्यांचे हात विश्रांती घेऊ शकत होते. बदनापूर, भोकरदन, घनसावंगीच्या शिवारात त्याच महिन्यांत कापूस वेचणाऱ्या बायकांचे काय? उमललेल्या बोंडाची वाळलेली टोके सुईसारखी कडक असतात. कापूस ओढताना ती दर वेळी नखाच्या कडेलाच टोचतात. मजुरी किलोवर मिळते, म्हणून हातमोजे कोणी घालत नाही. मोज्याने वेग जातो. फार झाले तर बोटांना चिंधी. बियाणे-उद्योगामुळे जालन्याचे नाव देशभर झाले. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे ‘महिको’ सुरू केली. पण संकरित कपाशीच्या बियाण्यामागे अंगठ्याचे नख आहे, हे शहरात थोड्यांनाच ठाऊक असते. सायंकाळी कळीतले पुंकेसर नखाने काढायचे आणि दुसऱ्या सकाळी त्याच फुलावर दुसऱ्या वाणाचे पराग फिरवायचे, असे हे काम. एकेका फुलाला स्वतंत्र हात लागतो. या हातांचे ठसे झिजणार नाहीत तर कोणाचे? आणि निराधार अनुदान असो, मजुरी असो की रेशन, त्यांनाही गावातल्या छोट्या यंत्रावर बोटच टेकवायचे असते. बाईंजवळ पुन्हा येण्यासाठी रिक्षाचे पैसे होते. मजूर बाईचा हेलपाटा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते.

जालन्यात शेती, जिनिंग आणि बियाण्याच्या व्यवसायात असलेली आपली कुटुंबे थोडी नाहीत. शेतावर पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवला जातो, त्याच्या शेजारी खोबरेलाची एक बाटली आणि चिकटपट्टीचा एक गुंडा ठेवायला खर्च किती येणार? कामाआधी बोटांच्या टोकांना पट्टी, काम संपल्यावर धुऊन तेल. कामाआधी मात्र तेल नको. बोटे निसटतात आणि कापसालाही ते लागते.

यंत्रापुढे जाताना काही गोष्टी सांभाळाव्यात. त्या दिवशी सकाळी हाताला तेल लावू नये, काच माखते. कोमट पाण्याने हात धुवून पुसावेत, तळवे एकमेकांवर चोळावेत, काच मऊ फडक्याने पुसायला सांगावी आणि बोट सपाट, हलक्या दाबाने ठेवावे. अंगठ्याचाच हट्ट धरू नये. आधारमध्ये दहाही बोटे नोंदलेली असतात. जुने ठसे आधार केंद्रावर नव्याने नोंदवता येतात. हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबर २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवण्याची सोय आहे, आणि बँकेत जाऊन कागदी दाखल्यावर सही करण्याचा जुना मार्गही खुला आहे. हे पर्याय काउंटरवरून कोणी आपण होऊन सांगेलच असे नाही, विचारावे लागतात.

बाईंनी त्या वर्षी कागदी दाखल्यावर आपल्या मोत्यासारख्या अक्षरात सही करून दिली. पुढच्या वर्षी मात्र दसऱ्यापासून तेल सुरू केले आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा यंत्रापुढे बसल्या. उजवा अंगठा तेव्हाही लागला नाही. डाव्या हाताची अनामिका पहिल्याच खेपेला लागली.