पुलापलीकडचे कुर्ले

कुर्ल्याच्या नेहरूनगरात माझ्या आयुष्याची एकवीस वर्षे गेली. एवढ्या काळात स्टेशनचा पूल ओलांडून मी पश्चिमेला किती वेळा उतरलो असेन? हाताची बोटे पुरून उरतील. आमची आई त्या बाजूला नुसते 'तिकडे' म्हणायची, आणि म्हणायची अशा सुरात, की मध्ये रेल्वेचे रूळ नसून आडवा समुद्र पसरला आहे.

यंदा तिकडे जाण्याचा योग आला तो पुतण्यामुळे. चिरंजीव इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत आणि रात्र रात्र जागून वहीत काहीबाही खरडतात. अभ्यास म्हणावा तर तोंडाने पुटपुटणे आणि मांडीवर ठेका! दादाने मला निरोप धाडला, "तू जरा समजाव. तुझे ऐकतो." मी समजावायला गेलो, तर तो म्हणाला, "काका, आधी माझ्याबरोबर कुर्ल्याला चला. नेझीची गल्ली बघू, मग काय ते बोला."

नेझी कोण, हे मी विचारले तेव्हा त्याने माझ्याकडे फार कीव करून पाहिले.

पश्चिमेला उतरले की पहिल्यांदा अंगावर येतो तो आवाज. बेस्टच्या बसगाड्या, रिक्षांची रेटारेटी, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, आणि या सगळ्यांना पुरून उरणारी बांग. आपण जुनी माणसे ज्याला आग्रा रोड म्हणतो, तो लालबहादूर शास्त्री मार्ग पुढे लागतो. त्याच्या आजूबाजूला कुठे पत्रा ठोकणे चालले आहे, कुठे गाड्यांचे सुटे भाग मांडले आहेत, कुठे कढईत काहीतरी तळले जाते आहे. मिठी नदी जवळच. 26 जुलै 2005 ला ती या वस्त्यांत शिरली होती. नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाचे काचेचे मनोरे उभे आहेत. नाव निम्मे कुर्ल्याचे. वैभवातला वाटा किती, ते ज्याने त्याने गल्लीत उभे राहून ठरवावे.

चालता चालता पुतण्या सांगत होता. नेझी म्हणजे नावेद शेख, जन्म 1993 चा. वडील नोकरीसाठी परदेशी. मुलगा उनाड. तेराव्या वर्षी शॉन पॉल नावाच्या जमैकन गायकाचे एक गाणे कानावर पडले आणि त्याने ते भरभर म्हणता येईपर्यंत घोकले. अर्थ कळायच्या आधी ठेका जिभेवर बसला! (आपणही रामरक्षा तशीच शिकलो, नाही का?) पुढे स्वतःचे शब्द जुळवू लागला, ते इंग्रजीत नव्हे, तर जी हिंदी कुर्ल्याच्या नाक्यावर बोलतात, तीत. 'भाऊ'ला 'बंटाय' म्हणणारी ही हिंदी कुठल्याच शाळेत चालत नाही.

यालाच रॅप म्हणतात. 1973 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, गरीब काळ्या वस्तीच्या नाचगाण्यांतून ही रीत निघाली. चाल जवळजवळ नाहीच. ठेक्यावर यमके जुळवीत बोलायचे.

आता खरी गंमत. या मुलाजवळ ना ध्वनिमुद्रणाची खोली, ना वादक, ना ओळखीचा कोणी निर्माता. होता फक्त एक आयपॅड. त्यावरच त्याने आवाज भरला, त्यावरच गल्लीत फिरून चित्रण केले, आणि त्यावरच जोडकाम करून 2014 च्या जानेवारीत 'आफत' हे गाणे यूट्यूबवर सोडून दिले. मध्ये कोणाच्या दारात उभे राहणे नाही, कोणाची चिठ्ठी नाही. त्याच वर्षी त्याच्यावर एक छोटा माहितीपट निघाला. त्याचे नाव 'बॉम्बे 70'. हा सत्तर म्हणजे कुर्ला पश्चिमेच्या पिनकोडचे शेवटचे दोन आकडे. पत्रावर लिहायलाही आम्ही संकोचलो असतो तो पत्ता पोराने बिरुदासारखा मिरवला!

2015 त अंधेरीच्या जे. बी. नगरातल्या डिव्हाइनबरोबर 'मेरे गली में' आले, आणि या दोघांवरून स्फुरलेला झोया अख्तर यांचा 'गली बॉय' 2019 त पडद्यावर आला. पण त्याच्या आधीच नेझी एकाएकी गप्प झाला होता. घरच्यांना हे पसंत नव्हते, आणि गाणे व धर्म यांचा मेळ कसा घालावा, याचा झगडा त्याच्या स्वतःच्या मनातही होता, हे त्याने लपवलेले नाही. तो परतला. 2020 त 'मगरेब' हा गीतसंग्रह काढला. मगरेब म्हणजे मावळतीची दिशा. कुर्ल्याची पश्चिम म्हणावी की काय! 2024 त दूरदर्शनी धर्तीच्या एका घरकोंडीच्या स्पर्धेत तो दुसरा आला. ते मला तितकेसे रुचले नाही, पण पोट प्रत्येकालाच असते.

"आणि पैसा?" मी दादाच्या वतीने विचारले.

"एकाला मिळतो, काका. बाकीचे नोकरी करतात आणि रात्री लिहितात," पुतण्या म्हणाला. त्याने खोटी भलावण केली नाही, हे मला आवडले.

याच रस्त्याने उत्तरेला गेले की घाटकोपरला चिरागनगर लागते. तिथल्या झोपडीत अण्णाभाऊ साठ्यांनी लिहिले. त्यांच्या छकडीवर माना डोलावणारे आमचे वडील 'तिकडे' मात्र कधी गेले नाहीत, हे मला त्या गर्दीत उभे असताना आठवले.

परतताना पुलावर पुतण्या थबकला. वही न काढताच त्याने स्वतःचे काही म्हणायला सुरुवात केली. मराठीत! आमच्याच नेहरूनगरच्या चाळवजा इमारती, पहाटेचे पाणी, आजीचे ते 'तिकडे'सुद्धा त्यात होते. तेवढ्यात खालून ठाण्याची जलद गाडी धडधडत गेली आणि निम्मे शब्द तिने नेले.

"पुन्हा म्हण," मी म्हणालो, "पहिल्यापासून."