एका पापुद्र्याची गोष्ट

आज जरा अवघड विषय आहे. नात्यातली बरीच मंडळी इथे डोकावतात हे माहीत असूनच लिहितेय. मावशी, काकू, हवं तर दार लावून वाचा. पण वाचा!

गुडघ्याला आपण गुडघा म्हणतो, कानाला कान. योनीला मात्र 'खालची जागा' किंवा नुसतंच 'तिथं'. आमच्या कर्जत लोकलच्या लेडीज डब्यात भाजीच्या भावापासून सासूपर्यंत सगळं मोकळेपणी बोललं जातं, पण हा विषय निघाला की आवाज एकदम खाली. बरं, नाव घ्यायचं नाही म्हटलं की माहितीही मिळत नाही. आणि माहिती नसली की कुणीही काहीही सांगावं!

याची किंमत किती मोठी असू शकते, ते फार लांब नाही, इथे अंबरनाथलाच दिसलं. कंजारभाट समाजात लग्नाच्या पहिल्या रात्री पांढऱ्या चादरीवर रक्ताचा डाग शोधायची प्रथा. डाग नसेल तर मुलगी 'खोटी', आणि मग जातपंचायत. याविरुद्ध त्याच समाजातल्या विवेक तमायचीकर आणि इतर तरुणांनी 'स्टॉप द व्ही रिच्युअल' ही मोहीम काढली. विवेक आणि ऐश्वर्या यांनी २०१८ मध्ये चाचणी नाकारून लग्न केलं. मे २०१९ मध्ये अंबरनाथला विवेकची आजी गेली, तेव्हा बहिष्कारामुळे समाजातले लोक अंत्ययात्रेला फिरकले नाहीत. शेवटी सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली चौघांवर गुन्हा दाखल झाला.

म्हाताऱ्या बाईच्या मयताला माणसं येऊ नयेत, असं त्या पडद्यात आहे तरी काय?

मुळात 'पडदा' हा शब्दच फसवा. ऐकलं की वाटतं, दार बंद आहे. तसं काही नसतं. योनीच्या तोंडाशी कडेकडेने असलेला तो एक पातळ, लवचिक पापुद्रा. बहुतेकींचा चंद्रकोरीसारखा किंवा कड्यासारखा, मधे जन्मापासून मोकळी जागा. नसती तर पाळीचं रक्त बाहेर आलं कुठून असतं? (क्वचित एखाद्या मुलीत तो पूर्ण बंद असतो, तेव्हा पाळी आत साठून पोटात दुखतं आणि छोटी शस्त्रक्रिया करावी लागते.) कुणाचा जाड, कुणाचा नावापुरता. पहिल्या संबंधात तो नुसता ताणलाही जाऊ शकतो, आणि अनेकींना रक्त येतच नाही. कुठल्याही तपासणीतून कौमार्य कळत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय.

आणि त्या एका समाजाकडे बोट दाखवून आपण मोकळं होऊ नये हं. वैद्यकीय विद्यार्थ्यांना 'कौमार्याची लक्षणं' शिकवली जातच होती की! सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने ती अभ्यासक्रमातून काढायचं ठरवलं. बलात्कार झालेल्या बाईची 'दोन बोटांची चाचणी' करणारे डॉक्टर गैरवर्तनाचे दोषी धरले जातील, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं.

गंमत म्हणजे ज्याच्यावरून एवढं रामायण, त्या पापुद्र्याला शरीरात महत्त्वाचं असं कामच नाही. खरं काम योनीचं. एरवी सात ते दहा सेंटिमीटरची ही स्नायूंची नळी, आतल्या भिंती एकमेकींना टेकलेल्या, त्यांवर साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या. बाळंतपणात या घड्या उलगडतात आणि सुमारे पस्तीस सेंटिमीटर घेराचं बाळाचं डोकं बाहेर येतं. नंतर ती पुन्हा बरीचशी आवळते. 'सैल' म्हणून बायकांना हिणवणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

शिवाय ही जागा स्वतःची स्वच्छता स्वतःच करते. दुधाचं दही लावणाऱ्या जिवाणूंचेच भाऊबंद तिथे राहतात आणि आम्ल तयार करून रोगजंतूंना रोखतात. म्हणून आतून साबण, सुगंधी द्रावणं काही नको. बाहेरून साधं पाणी पुरतं. थोडं पांढरं जाणं हा आजार नाही. दुर्गंधी, खाज, दह्याच्या चोथ्यासारखा किंवा हिरवट स्राव असेल, तर डॉक्टर.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते, आग होते. यावर उपचार आहेत. 'आता या वयात काय सांगायचं' म्हणून सोसत बसू नका. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक थेंब जरी दिसला, तरी लगेच दाखवा. तो डाग मात्र खरोखरच महत्त्वाचा असतो.

घरात लहान मुली असतील, तर त्यांना नाक, कान, डोळे शिकवताना हाही शब्द शिकवा. योनी. अवयवाचंच नाव आहे, शिवी नाही.